परतीची गाडी कुठं लागते?

धडकेच्या ५ तास ४५ मिनिटं आधी. शुक्रवार, १३ जानेवारी २०१२, दुपारी ४.००

क्रूझच्या तिकिटावर 'रोम' छापलेलं असतं. प्रत्यक्षात बोट लागते चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तरएक किलोमीटर लांब. आज या बंदरात 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' उभी आहे. लांबी २९० मीटर. एसटीच्या पंचवीस गाड्या एकामागे एक लावल्या तरी शेपूट उरेल, एवढी. सात रात्रींची फेरी आहे: इथून साव्होना, मार्सेय, बार्सिलोना, पाल्मा, काल्यारी, पालेर्मो आणि परत इथंच. इटालियन कंपनीनं या फेरीला लिंबू-संत्र्यांच्या सुवासाचं नाव दिलं आहे. आज इथून ६९६ नवे प्रवासी चढणार आहेत.

ते सगळे कसे आले असतील ते मला डोळ्यांपुढं दिसतं, कारण हा रस्ता मी पायांनी मोजला आहे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साधी गाडी धरली की सव्वा तासाच्या आतबाहेर चिवितावेक्किया येतं. गाडी शेवटी समुद्राच्या कडेनं धावते. स्टेशनातून बाहेर पडून उजवीकडं वळायचं आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत जुना दगडी किल्ला लागतो, मिकेलांजेलोच्या नावाचा. तिथंच बंदराचं फाटक. आतलं अंतर लांब आहे, पण बंदराची बस असते.

मी आणि माझी बायको पोहरादेवीचे. वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. आमच्या गावाला बंजारा समाजाची काशी म्हणतात. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे, जगदंबेचं मंदिर आहे. लदेणीच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडलेल्या माणसांच्या लेकरांचं हे ठिकाण. वाट माहीत असणं हाच त्यांचा धंदा होता. रामनवमीला लाखोंनी माणूस लोटतो. गावात रेल्वे नाही, कधीच नव्हती. जो येतो तो रस्त्यानं. यात्रेत एसटीच्या जादा गाड्या लागतात आणि स्टँड नेहमीच्या जागी राहत नाही. दिग्रसची गाडी एका वावरात, मानोऱ्याची दुसऱ्या. यात्रेला आलेल्या पाहुण्यांना माझा आजा एकच गोष्ट सांगायचा: "उतरल्याबराबर आधी जायाची गाडी कुठी लागते थे पाहून घे, मंग दर्शनाले जाय." दर्शन झाल्यावर, अंधारात, कडेवर झोपलेलं लेकरू घेऊन गाडी शोधणाऱ्यांची रडकुंडी मी लहानपणी दरवर्षी पाहिली. आजा ते उगाच सांगत नव्हता.

४ तास आधी. संध्याकाळी ५.४५

जानेवारीत इथं पाचलाच सूर्य बुडतो. रोम पाहून परतणारे प्रवासी या वेळी गाडीत असतात आणि घड्याळाकडं पाहत असतात. क्रूझच्या प्रवाशाचा सगळा दिवस एका वेळेभोवती फिरतो: बोटीवर परत हजर होण्याची वेळ. सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची. बोटीनं विकलेल्या सहलीची बस अडकली तर बोट तिची वाट पाहते. स्वतःच्या जिवावर गेलेल्यासाठी थांबत नाही. शिडी उचलली की उचलली. मग पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं.

लेक रोमला नोकरीला आहे. तिनं आम्हा दोघांना पुढं एका दुसऱ्या क्रूझचं तिकीट काढून दिलं. बोटीवर विकायला ठेवलेल्या सहलींचे दर पाहून बायको म्हणाली, "येवढ्या पैशात तं आपली अख्खी गल्ली माहूरले जाऊन येईन." मग आम्ही प्रत्येक बंदरात आपापले उतरलो आणि सरकारी वाहनानं हिंडलो. भाषा येत नसताना. ते आठ दिवस आयुष्यात विसरायचे नाहीत.

शिकलो ते असं. लिव्होर्नोला बोटीपासून शहरापर्यंत बस, तिथून स्टेशनपर्यंत दुसरी बस, मग पिसाची गाडी. पंधरा-वीस मिनिटांत पिसा, आणखी तासाभरात फ्लॉरेन्स. नेपल्सला तर बोटीतून उतरलं की समोरच शहर. भुयारी रेल्वेनं गारिबाल्दी चौक, आणि तिथून छोट्या लोकलनं पाऊणएक तासात पाँपेईच्या अवशेषांच्या दारात. जेनोवाला बोटीचा धक्का आणि मोठं स्टेशन इतकं जवळ की बॅग ओढत चालत जावं. साध्या गाडीचं कागदी तिकीट काढलं तरी काम संपत नाही. फलाटावरच्या यंत्रात ते सरकवून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर तिकीट असून दंड. संप असला तर त्याची तारीख आधी जाहीर होते आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरलेल्या गाड्या धावतातच. हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

लिव्होर्नोत आमची चूक झाली. परतताना उलट्या दिशेच्या बसमध्ये चढलो. चार थांबे गेल्यावर बायकोच्या लक्षात आलं, कारण सकाळी येताना तिनं खिडकीतून एक हिरव्या दाराचं औषधाचं दुकान हेरून ठेवलं होतं आणि ते आलंच नव्हतं. उतरलो, रस्ता ओलांडला, दुसरी बस धरली. हाताशी दोन तास राखून ठेवले होते म्हणून निभावलं.

हे घरगुती सगळं इथं सांगतो आहे ते अशासाठी, की स्वतःच्या पायांनी फिरणारा माणूस दिवसभर डोळे उघडे ठेवतो. खुणा हेरतो, विचारतो, वेळ राखतो. त्या शुक्रवारी कॉन्कॉर्डियावर चढलेल्या ६९६ माणसांनीही दिवसभर तेच केलं असणार.

२ तास २७ मिनिटं आधी. संध्याकाळी ७.१८

दोर सुटले. बोट निघाली. प्रवासी ३,२०६, कर्मचारी १,०२३. एकूण ४,२२९ माणसं. एक अख्खं गाव एका लोखंडी पेटीत.

आणि इथं, माझ्या मते, या घटनाक्रमातली सगळ्यात महत्त्वाची नोंद येते, जी त्या रात्री कुणाला नोंद वाटलीच नाही. संकटात कुठं जमायचं, लाइफजॅकेट कुठं ठेवलं आहे, आपली होडी कोणत्या बाजूला आहे, याचा सराव नव्या प्रवाशांचा झाला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी ठेवला होता. यात नियमाचा भंग नव्हता. प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत सराव घ्यावा, असा तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम होता. २४ तासांत कधीही.

म्हणजे दिवसभर अनोळखी गावात प्रत्येक बस, प्रत्येक फलाट, प्रत्येक वळण पाहून ठेवलेली माणसं बोटीवर चढली, तेव्हा त्यांना परतीची गाडी कुठं लागते ते कुणी दाखवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. चकचकीत जिने, गालिचे, कारंजी, जेवणाचा वास. अशा ठिकाणी माणूस हेरायचं सोडून देतो. आता सगळं यांच्यावर, असं वाटून अंग सैल पडतं.

२००६ साली याच चिवितावेक्कियात या बोटीचं नामकरण झालं तेव्हा शँपेनची बाटली फुटली नव्हती, ही गोष्ट नंतर पुष्कळांनी पुन्हा पुन्हा सांगितली. मी तिला काही किंमत देत नाही. बाटली फुटली असती तरी सराव शनिवारीच होता.

४५ मिनिटं आधी. रात्री ९.००

जेवणाची वेळ. वाढणाऱ्यांत, भांडी घासणाऱ्यांत, खोल्या आवरणाऱ्यांत सुमारे दोनशे भारतीय आहेत. गोव्यात बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात. गोवा, मुंबई, वसईकडची किती घरं तारवट्यांच्या पगारावर उभी राहिली ते त्या पट्ट्यात फिरलेल्याला सांगायला नको. सहा-आठ महिन्यांचा करार, मग दोन महिने घरी, मग पुन्हा करार. त्या रात्री जेवणघरात मुंबईचा एक वेटर कामावर आहे. त्याचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरचं ते नाव आहे.

बोटीच्या मुख्य वेटरचं घर जिल्यो बेटावर आहे. जिल्यो हे तोस्कानाच्या किनाऱ्यासमोरचं छोटं बेट, हिवाळ्यात जेमतेम हजारभर वस्तीचं. बोटींनी अशा गावाजवळून, दिवे लावून, भोंगा वाजवून जायची एक पद्धत पडली होती. तिला इटालियनमध्ये 'इंकिनो' म्हणतात, म्हणजे वाकून केलेला नमस्कार. नेहमीची वाट बेट आणि मुख्य किनारा यांच्या मधल्या खोल पाण्यातून जाते. आज कप्तान फ्रांचेस्को स्केत्तीनो यांनी बेटाजवळून जायचं ठरवलं आहे. आठवडाभरापूर्वीही बोट बेटाजवळून गेली होती. पण तेव्हा पुष्कळ लांबून. आज आणखी जवळून.

स्केत्तीनो स्वतः जेवत आहेत. बोट कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

११ मिनिटं आधी. रात्री ९.३४

कप्तान वर, बोट चालवण्याच्या कक्षात येतात. सोबत बाहेरची माणसंही आहेत. सुकाणू हाताने चालवायला सांगितलं जातं, वेग १६ नॉटपर्यंत वाढवला जातो. १६ नॉट म्हणजे ताशी तीस किलोमीटर. एसटीच्या हिशेबानं तो वेग काहीच नाही. पण एसटीला ब्रेक असतो.

६ मिनिटं आधी. रात्री ९.३९

स्केत्तीनो बोटीचा ताबा घेतात. पुढचे हुकूम त्यांचे. दरम्यान फोनवर एका निवृत्त कप्तानाशी बोलणं झालं आहे. कडेला पाणी किती खोल आहे, हे त्या बोलण्यात विचारलं गेलं. इतक्या जवळून जायला लागणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा समोर नव्हता, हे नंतरच्या चौकशीत नोंदलं गेलं. अंधार आहे, चंद्र अजून वर आलेला नाही. समोर ज्या ठिकाणी काहीच दिसत नाही तिथं बेट आहे.

जिल्योच्या बंदराच्या जरा दक्षिणेला समुद्रातून खडकांची एक माळ वर येते. ले स्कोले तिचं नाव. गावातला कोणताही कोळी डोळे मिटून सांगेल की तिथून लांब राहायचं.

०. रात्री ९ वाजून ४५ मिनिटं ७ सेकंद

कप्तानाला खडकाभोवतीचा पांढरा फेस दिसला. लागोपाठ हुकूम सुटले: उजवीकडं, आणखी उजवीकडं. नाक वळलं तशी मागची बाजू खडकाकडं फिरली. ती वाचवायला डावीकडं घ्यायचा हुकूम आला. सुकाणू धरणाऱ्या इंडोनेशियन खलाशाला तो नीट कळला नाही आणि त्यानं उजवीकडं फिरवलं. चूक सुधारण्यात काही सेकंद गेले. चौकशीनं म्हटलं की ते सेकंद गेले नसते तरी खडक चुकला नसता.

बोटीच्या डाव्या अंगाला, पाण्याखाली, ५३ मीटर लांब चीर पडली. खडकाचा एक मोठा तुकडा पोलादात तसाच अडकून राहिला.

जेवणघरात ताटं घसरून खाली आली.

धडकेनंतर १ मिनिट

यापुढचं घड्याळ उलटं मोजायचं नाही, सरळ मोजायचं. आणि खरं सांगायचं तर आपत्ती इथून पुढं घडली.

बोटीचा तळ जलबंद कप्प्यांत वाटलेला असतो. एक कप्पा फुटला तर पाणी तिथंच अडावं, म्हणून. शेजारचे दोन कप्पे भरले तरी ही बोट तरंगत राहील, असं तिचं गणित होतं. चीर इतकी लांब होती की सलग पाच कप्प्यांत पाणी शिरलं. त्यातच इंजिनं, जनरेटर आणि विजेची मुख्य व्यवस्था. दिवे गेले. आणीबाणीचा जनरेटर सुरू झाला, पण टिकला नाही. सुकाणू अडकलं. लिफ्ट बंद.

इंजिनाकडच्या माणसांनी काही मिनिटांतच वर कळवलं होतं की पाणी आत आलं आहे, किती आलं आहे. आता लागलीच धोक्याचा भोंगा वाजवायचा, लोकांना होड्यांजवळ जमवायचं. बोट अजून सरळ होती, होड्या दोन्ही बाजूंनी उतरल्या असत्या.

ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं: विजेचा बिघाड आहे, परिस्थिती ताब्यात आहे.

२१ मिनिटं. रात्री १०.०६

बोटीवरच्या एका बाईनं प्रातो गावातल्या घरच्यांना फोन केला. घरच्यांनी पोलिसांना. पोलिसांनी लिव्होर्नोच्या तटरक्षकांना. अशा वळशानं, जमिनीवरच्या एका घरातून, समुद्रावरच्या संकटाची बातमी समुद्र सांभाळणाऱ्यांना कळली. काही मिनिटांनी लिव्होर्नोनं बोटीला थेट विचारलं. उत्तर आलं: फक्त वीज गेली आहे.

काही प्रवाशांना आपापल्या खोल्यांत परत जायला सांगितलं जात होतं. त्या वेळचं चित्रीकरण आहे. लाइफजॅकेट घातलेले लोक उभे आहेत आणि गणवेशातली एक कर्मचारी शांतपणे सांगते आहे की सगळं ठीक आहे, खोलीत जा. तिलाही वरून तेच सांगितलं गेलं होतं. मला तिचा राग येत नाही.

वीस मिनिटं आणखी गेली. पाणी आलं आहे, टग पाठवा, एवढं बोटीनं मान्य केलं.

४८ मिनिटं. रात्री १०.३३

सात छोटे भोंगे आणि एक लांब. धोक्याचा इशारा जगभरच्या बोटींवर असाच असतो. सरावात हाच ऐकवतात. ज्यांनी तो आधी ऐकला होता ते चौथ्या मजल्यावर होड्यांकडं निघाले. ज्यांनी ऐकला नव्हता ते गर्दी जाईल तिकडं गेले.

यात्रेत दिवे गेले की काय होतं ते मला माहीत आहे. माणूस जिथून आला त्याच वाटेनं परत जायला बघतो. दुसरी वाट जवळ असली तरी त्याला दिसत नाही, कारण ती त्यानं उजेडात पाहिलेली नसते.

१ तास ९ मिनिटं. रात्री १०.५४

बोट सोडण्याचा हुकूम. धडकेनंतर एक तास नऊ मिनिटांनी.

एवढ्या वेळात वाऱ्यानं बोटीला वळवून परत बेटाकडं ढकलत आणलं होतं. यंत्रं बंद, सुकाणू अडकलेलं; वारा दुसरीकडचा असता तर ती खोल पाण्यात गेली असती. अकराच्या सुमारास ती किनाऱ्यालगत तळाला टेकली आणि उजव्या कुशीवर कलंडू लागली. किनारा जेमतेम शंभर मीटरवर.

पण कलंडलेल्या बोटीची एक बाजू आभाळाकडं जाते आणि एक पाण्याकडं. वरच्या बाजूच्या होड्या बोटीच्याच पोटावर घासू लागल्या, काही उतरवताच आल्या नाहीत. चौथ्या मजल्यावर थांबलेल्या काही लोकांना दुसऱ्या बाजूला जायला सांगितलं. ते आतल्या आडव्या वाटेनं निघाले, आणि त्यांच्या पायांखालीच ती वाट फिरत फिरत उभी झाली. चालायच्या बोळाची विहीर झाली, तळाशी पाणी असलेली. मेलेल्यांपैकी अनेकजण त्या विहिरीत गेले. होडीजवळ पोचलेली माणसं होती ती.

मुंबईचा वेटर या सगळ्या वेळात प्रवाशांना होड्यांत बसवायला मदत करत होता, असं वाचलेल्या सहकाऱ्यांनी पुढं सांगितलं.

४ तास १ मिनिट. शनिवार, १४ जानेवारी, पहाटे १.४६

स्केत्तीनो बोटीवर नाहीत, किनाऱ्याकडं आहेत. लिव्होर्नोचे तटरक्षक अधिकारी ग्रेगोरियो दे फाल्को त्यांना फोनवर हुकूम देतात: दोराच्या शिडीनं परत वर चढा, किती माणसं उरली आहेत, त्यात बायका-मुलं किती, ते मोजून मला सांगा. आवाज चढलेला, शब्द शिवराळ. स्केत्तीनो परत चढले नाहीत. ही ध्वनिफीत जगानं ऐकली.

त्याच बोटीवर त्या रात्री एक माणूस उलट दिशेनं गेला. जिल्योचे उपमहापौर मारियो पेल्लेग्रिनी. बोट त्यांची नव्हती, प्रवासी त्यांचे नव्हते. बंदरावर होड्या येऊ लागल्या तसे ते एका होडीतून गेले, दोराच्या शिडीनं वर चढले आणि पहाटेपर्यंत लोकांना दोरानं ओढून काढत राहिले. या घटनेवर लिहिताना स्केत्तीनोंचं नाव पाच वेळा येतं आणि पेल्लेग्रिनींचं एकदाही येत नाही, असं पुष्कळदा होतं. मला ते बरोबर वाटत नाही.

८ तास. पहाटे सहाच्या सुमारास

बोटीच्या उघड्या पडलेल्या पोटावरून मुंग्यांच्या रांगेसारखी माणसं उतरत होती. ते काम आता संपलं. जिल्योनं रात्रभर घरं उघडली, शाळा उघडली, चर्च उघडलं. हजाराच्या गावात चार हजार माणसं, ओली, कुडकुडणारी, कुणी संध्याकाळच्या समारंभाच्या कपड्यांत, कुणी अनवाणी. घराघरांतून पांघरुणं निघाली. यात्रेच्या गावातल्या माणसाला हा हिशेब समजतो. घरात किती माणसं मावतात ते आधी ठरवायचं नसतं, दार उघडल्यावर ठरतं.

मग नेहमीच्या फेरीबोटी आल्या. जिल्यो ते पोर्तो सांतो स्तेफानो, रोजची तासाभराची सरकारमान्य फेरी, जिनं गावकरी बाजारहाट करतात. त्याच बोटींनी लोकांना मुख्य भूमीवर नेलं. चकचकीत बोट आडवी झाल्यावर शेवटी सार्वजनिक वाहनच कामाला आलं.

बत्तीस माणसं गेली.

पुढची वर्षं

सप्टेंबर २०१३ मध्ये रात्रंदिवस ओढून बोट सरळ केली. जुलै २०१४ मध्ये ती तरंगवून जेनोवाला नेली, मोडीत काढायला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ग्रोसेतोच्या न्यायालयानं स्केत्तीनोंना १६ वर्षांची शिक्षा सुनावली, २०१७ मध्ये ती कायम झाली. इटलीनं मार्च २०१२ मध्येच मोठ्या बोटींना संरक्षित किनाऱ्यांच्या दोन सागरी मैलांच्या आत यायला बंदी घातली. आणि १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: नव्या प्रवाशांचा सराव बोट सुटण्याआधी, किंवा सुटताच. २४ तासांची सवलत गेली.

आमच्या बोटीवर तो सराव दुपारी झाला, दोर सुटायच्या आधी. सात छोटे भोंगे आणि एक लांब. आजूबाजूचे बरेच जण कंटाळले होते, फोनमध्ये पाहत होते. बायकोनं खोलीपासून होडीपर्यंतची पावलं मोजली, जिन्याच्या पायऱ्या वेगळ्या मोजल्या. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा एकदा चालत गेली, एक हात भिंतीला लावून.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जेनोवात बोट तोडताना कामगारांना आठव्या मजल्यावर एक देह सापडला. जवळपास तीन वर्षं तो बेपत्ता होता. बत्तीसांतला शेवटचा. मुंबईचा वेटर.

क्रूझ संपल्यावर आम्ही लेकीकडं लगेच गेलो नाही. चिवितावेक्कियाहून उत्तरेकडची साधी गाडी धरली. तासाभरात ओर्बेतेल्लो. स्टेशनच्या बाहेरून पोर्तो सांतो स्तेफानोची बस. धक्क्यावरून फेरीबोट. वाऱ्यात बाहेर उभं राहिलो तसं बेट जवळ आलं, रंगीत घरं, धक्क्याच्या टोकाचे दिवे. ले स्कोले उतरायच्या आधीच दिसले. काळे, ओले, अगदीच लहान वाटले.

धक्क्यावर नावांची पाटी आहे. मी तिच्यापुढं उभा राहिलो. बायको नव्हती. ती तिकीटघराच्या खिडकीशी होती, बोटांनी खुणा करत विचारत होती. थोड्या वेळानं आली.

"शेवटची बोट कवा जाते थे पाहून ठेवलं. इथूनच लागते, त्या खांबापाशी."

मग तिनं पाटी पाहिली. इटालियन अक्षरं तिला लावता येत नव्हती. वरून खाली, खालून वर पाहत राहिली.

"अहो, यातलं आपल्याकडलं कोणतं?"

मी नावावर बोट ठेवलं.